रविवारचं वाजवणं
बाबा गेल्यावर एका रविवारी त्यांचं अकॉर्डियन घेऊन मी सुतारकाकांच्या कारखान्यात गेले. दर रविवारी तिथे बाबा, काका, नर्सताई आणि टपालवाला ही चौघं मिळून काय वाजवायची, ते मला एकदा ऐकायचं होतं. “काय वाजवायचं हे आधी ठरलं तर ना!” काका हसले. “एकाने सुरू करायचं, बाकीच्यांनी धरायचं.” “बाबांचं काही रेकॉर्डिंग?” “छे! रेकॉर्डिंग लावलं की माणसं शहाण्यासारखी वाजवतात.” म्हणजे बाबांच्या वाजवण्यातलं काहीच उरलं नव्हतं. अकॉर्डियन बाकावर ठेवताना भाता उघडला, तळहात पट्ट्यांवर पडला आणि भसाडा सूर निघाला. मी ओशाळले. पण नर्सताईंनी तोच सूर व्हायोलिनवर उचलला, टपालवाल्याने तो बासरीत घोळवला. “चुकलेला सूर एकटा सोडायचा नाही,” फळीवर ठेका धरत काका म्हणाले, “हा नियम तुझ्या बाबांचा. थांबू नकोस, पोरी.” मी भाता ओढला. पुन्हा चुकले, सगळेच माझ्याबरोबर मनापासून चुकले.