ग्रीस न लागलेली चिठ्ठी

चिठ्ठी: "दुखतं का?"

सल्लागाराने ती मोठ्याने वाचली. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये तीसेक मेकॅनिक जुन्या टायरांवर, खोक्यांवर बसले होते. नसबंदीचं नाव काढलं की पुरुषांच्या तोंडाला कुलूप लागतं, हे तो नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. म्हणून त्याने ही युक्ती काढली. कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या, प्रश्न लिहून डब्यात टाकायचा, नाव लिहायचं नाही. नाव नसलं तरी प्रत्येक चिठ्ठीवर ग्रीसचा काळा अंगठा मात्र उमटलेला असे.

"दाढ काढण्यापेक्षा कमी," तो म्हणाला. "आणि वर दोन दिवस घरी लोळायला मिळतं."

डबा घरचाच होता, चहापत्तीचा. झाकणाला फट बायकोने पाडून दिली होती. चिठ्ठ्याही तीच कापायची, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या. आज सकाळी तिने रबर लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि झाकण घट्ट लावलेला डबा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मला दिवस गेलेत. काल डॉक्टरांनी सांगितलं."

तो बूट घालत होता. एक पाय तसाच राहिला. मग तो म्हणाला, "अभिनंदन."

"शेजारणीला म्हणतात तसं?" ती हसली. "सहा वर्षं वाट बघितली, अहो."

चिठ्ठी: "जोर कमी होतो का?"

"ब्रेक नवा बसवला म्हणून इंजिनाची ताकद जाते का?"

हशा पिकला. फोरमन शेजारच्याला म्हणाला, तुझं इंजिन मुळातच ढकलस्टार्ट, तू कशाला घाबरतोस.

सहा वर्षं. गोळ्या, पोटात टोचायची इंजेक्शनं, सुजलेलं अंग. तो न चुकता तिच्याबरोबर जायचा. सुई टोचताना हात धरायचा. स्वतःची तपासणी त्याने ओळखीच्या लॅबमध्ये करून घेतली होती आणि रिपोर्टही स्वतःच आणला होता: सगळं ठीक. मग दोष कुणाच्या पदरात पडणार हे उघडच होतं. तिच्या सासूबाई येता-जाता म्हणायच्या, पाळणा टांगायचा हूक गंजला, आता त्याला पिशव्या तरी अडकवा. तिने मग खरंच पिशव्या अडकवायला सुरुवात केली. तो मध्ये पडत नसे. आईचं मन मोडवत नाही, म्हणायचा.

चिठ्ठी: "साहेब, तुम्ही स्वतः केलीत का?"

ही चिठ्ठी दर वेळी निघायचीच. त्याने बॅगेतून कागद काढून उंच धरला.

"नोकरीला लागलो त्याच वर्षी. आणि हा तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचा कागद. शुक्राणू शून्य. ही तपासणी चुकवायची नाही, ऑपरेशनइतकीच महत्त्वाची आहे."

दाराशी उभी असलेली नर्स गालातल्या गालात हसली. मूल व्हावं म्हणून हा माणूस बायकोला घेऊन किती दवाखाने पालथे घालत होता, ते तिला माहीत होतं. कागद फर्मास बनवलाय हं, असं ती एकदा म्हणाली तेव्हा त्याने नुसता डोळा मारला होता.

बायकोला त्याने सांगितलं होतं, की हा नमुना आहे, लोकांना पटावं म्हणून स्वतःचं नाव घातलंय. कागदाच्या घड्या फाटायला आल्या तेव्हा तिनेच त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. "तारीख काय, केसपेपरचा नंबर काय," ती म्हणाली होती. "खोटं बोलावं तर असं." शिक्का कुठल्या रुग्णालयाचा, एवढंच तिने विचारलं होतं.

तिघांनी नर्सकडे नावं दिली. इतक्या वर्षांत एका बैठकीत तीन नावं कधीच मिळाली नव्हती.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी उरली होती, सगळ्यांत आधी पडलेली. ती स्वच्छ होती. त्याने नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचायला घेतली.

"लग्नाआधी गुपचूप नसबंदी करून घेतलेल्या माणसाने..."

तो थांबला. हे अक्षर तो रोज किराणाच्या यादीत बघायचा.

"चष्मा लागला वाटतं साहेबांना," म्हणत फोरमनने चिठ्ठी त्याच्या बोटांतून काढून घेतली आणि पुढचं वाचलं. "...सहा वर्षं बायकोला इंजेक्शनं टोचायला लावली. आता तिला दिवस गेलेत. त्याने तिला काय म्हणावं?"

सल्लागाराच्या दुसऱ्या हातातला कागद अजून उंच धरलेलाच होता.

मग मागच्या टायरावरून कोणीतरी म्हणालं, "अभिनंदन म्हणावं. दुसरं काय?"