जोडातला ठसा

मायक्रोस्कोपखाली तुटलेला जोड ठेवून तपासनीस अरुंधती म्हणाली, “लोणारेकाका, इथं दोन भाग सांधणारा ब्रेझिंगचा वितळलेला धातू भिनलाच नाही. भट्टीत जाण्याआधी कुणीतरी उघड्या हातानं धरलंय.”

कालच्या इंजिन-चाचणीत निकेलचा हाच जोड सुटला आणि दोन माणसं जागच्या जागी गेली.

“शंभरदा बजावलंय, हातमोजे काढू नका! बोटांचा तेलकटपणा लागला की संपलं,” भट्टीवाले लोणारे कडाडले. “नाव सांग, आजच घरी बसवतो.”

तिनं खुर्ची सोडली. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. कोऱ्या राहिलेल्या जागेत अंगठ्याचा ठसा उमटला होता, मधोमध जुन्या जखमेची ओळखीची तिरकी रेघ.

दोन भागांतली फट हातमोज्यातून कळत नाही, म्हणून जोड भट्टीत घालण्याआधी लोणारे स्वतः उघडा अंगठा फिरवून बघत.

तिचं पेन अहवालावर थांबलं होतं.

“लिही नाव,” ते म्हणाले.