त्या बापाचं नाव

"नाव आणि सही झाकलीय, बाकी सगळं बघा," म्हणत माहिती अधिकारी जागृती मॅडमनी फाइल पुढे सरकवली.

विश्रामने ती मुलाकडे ढकलली. आठवड्यापूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. "साई, तू वाच रे."

साईनाथ पानं उलटू लागला. माहिती अधिकाराचा अर्ज, ठाण्याच्या ह्या सरकारी कार्यालयात महिनाभर खेपा, तेव्हा कुठे ही फाइल हाती आलेली. मुलाला मुलगे आवडतात, मुलीला मुली, म्हणून त्यांना 'बरं' करायला निघालेल्या उपचारांवर बंदी आणावी का? एका समितीने लोकांची मतं मागवलेली. ती सगळी ह्यात होती.

चौदाव्या पानावर साई थांबला. टाइप केलेलं पत्र, खाली काळ्या पट्ट्या.

"'केंद्राच्या उपचारांनी माझा मुलगा पूर्ण बरा झाला आहे. अशा उपचारांवर बंदी नको. इतर पालकांनीही लाभ घ्यावा.'" त्याने मान वर केली. "कुणातरी बापाचं आहे. त्या उपचार केंद्राने आपल्या मताला जोडलंय. ह्या एका कागदाच्या जोरावर ते अजून दुकान चालवतायत, बाबा."

"हलकट!" विश्राम एवढ्या जोरात ओरडला, की पलीकडच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं.

केंद्र वागळे इस्टेटमधलंच. पाच वर्षांपूर्वी साईने घरी स्वतःबद्दल सांगितलं, आणि विश्रामनेच त्याला रिक्षात घालून तिथे नेलं. एकवीस दिवस. गोळ्या, विजेचे झटके, आणि आणखी काय काय, जे साई अजूनही बोलत नाही. बाविसाव्या दिवशी तो म्हणाला, "बाबा, मी बरा झालो." विश्रामला आभाळ ठेंगणं! पेढ्यांचा पुडा काखेत मारून, काउंटरवरची बाई बोट ठेवेल तिथे सह्या ठोकत, पोराला घेऊन तो मोहनेला आला. पेढे वाटून संपायच्या आत पोरगा घर सोडून गेला.

पोराला तिथून फक्त सुटायचं होतं, हे विश्रामच्या डोक्यात शिरायला चार वर्षं लागली. तीही त्याच्या बायकोने, शालूने, रोज टोचून टोचून. मग एक दिवस तो माजिवड्याला साईच्या खोलीवर गेला आणि दारातच रडला. साईने आत घेतलं, चहा दिला. घरी यायचा विषय मात्र काढला नाही. "ते केंद्र बंद पाडायला मदत करा," म्हणाला. तेव्हापासून विश्राम हात धुऊन मागे लागलेला.

"मॅडम, ह्या माणसाचं नाव पाहिजे मला," तो आता म्हणाला. "कसला बाप आहे तो तरी बघू! पोरांचे हाल होतायत आणि हा सर्टिफिकेटं वाटतोय. पोराच्या समोर उभा करून विचारणार मी त्याला."

"त्यासाठी वेगळा अर्ज लागेल, काका. मग आम्ही त्यांना नोटीस पाठवतो. हरकत आहे का, ते विचारतो."

"पाठवा की!"

साईने तिथेच अर्ज लिहिला, विश्रामने सही केली. नोटिशीसाठी नाव-पत्ता उतरवून घ्यायला मॅडमनी कपाटातून मूळ कागद काढला. मग अर्ज वाचला. मग पुन्हा कागद.

"तुम्ही दोघं एकत्र राहता?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही," विश्राम म्हणाला. "पण येईल तो."

मॅडमनी कागद पालथा ठेवला. "काका, अर्ज मागे घ्यायचा असेल तर आत्ता घेता येईल. काही बिघडत नाही."

विश्राम ताडकन उठला. "कोणाचा दबाव आहे तुमच्यावर? केंद्रवाल्यांचा फोन आलेला ना? मागेबिगे काही घेणार नाही मी!"

मॅडम काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी साईकडे बघितलं आणि अर्जावर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर साई हसला. पाच वर्षांत पहिल्यांदा. "काय ओरडलात, बाबा! मॅडम पार गप्पच झाल्या." जिना उतरताना त्याने बापाचा दंड धरला. "पुढच्या बुधवारी सुट्टी आहे माझी. आईला सांगा, जेवायला येतो."

बुधवारी शालूने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. कोलंबीचं कालवण झालं, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, सोलकढी दोनदा ढवळून झाली. साई आला. आपल्या जुन्या जागी, खिडकीला पाठ लावून, मांडी घालून बसला. त्याला वाढताना शालूचे डोळे सारखे भरून येत होते आणि ती मिरच्यांना शिव्या घालत होती.

"रात्री राहतोस?" विश्रामने विचारलं.

"बघू," साई म्हणाला. मग म्हणाला, "राहतो."

तेवढ्यात पोस्टमन आला. रजिस्टर पत्र. त्याने बोट ठेवलं तिथे विश्रामने सही केली आणि पाकीट चाचपत आत आला.

"सरकारी दिसतंय. नाव आलं वाटतं त्या हलकटाचं! साई, फोड बघू. मोठ्याने वाच, आईलाही ऐकू दे."

साईने डाव्या हाताने पाकीट फोडलं. उजवा हात कालवणाने माखलेला.

"'विषय: त्रयस्थ पक्षास सूचना,'" तो वाचू लागला. "'श्री. विश्राम, मोहने, यांस. माझा मुलगा पूर्ण बरा झाला आहे, हे आपल्या सहीचे पत्र एका अर्जदाराने मागितले आहे. आपले नाव उघड करण्यास हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे.'"