कवितांचं कपाट

चंदरनं वारलेल्या बापावर लिहिलेल्या कवितांचं पुस्तक नाशिकच्या एका वाचनालयानं घेतलं, तेव्हा ते दाखवायला तो आईला, लंकाबाईला, पेठहून एसटीनं घेऊन आला. पण कवितांच्या कपाटात पुस्तक सापडेना.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आदिवासी कवी ना? मग 'आदिवासी समस्या'मध्ये लावलंय. पलीकडच्या कपाटात बघा."

कुपोषणाच्या दोन जाडजूड अहवालांमध्ये त्याचा बाप अंग चोरून उभा होता. चंदरनं पुस्तक आईला दाखवलं.

अक्षरओळख नसलेल्या लंकाबाईनं पुस्तकावरून हळूच हात फिरवला. मग शेजारच्या अहवालांकडे कौतुकानं बघत विचारलं, "ह्या बी समद्या कविताच का रं?"

 

"हो आई," चंदर म्हणाला, "आपल्याच माणसांवरच्या."