सुट्टी संपेपर्यंत

मंजिरीताईंचा फोन आला तेव्हा ऋजुता लेकीच्या तोंडातून गोटा काढत होती. फ्रान्समधल्या नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गुळगुळीत गोटे. पावणेदोन वर्षांच्या ईशिताला ते पेढ्यांसारखे वाटत असावेत. सुयश लांब पाण्यात होता. नणंदेचा फोन, तोही नागपूरहून, आणि भावाला सोडून आपल्याला. ऋजुताने लेकीला कडेवर घेतलं आणि जरा बाजूला जाऊन फोन उचलला.

“बाबांना ॲडमिट केलंय,” ताई म्हणाल्या. “काळजीचं काही नाही. सुयशला सांगायचं, निघायचं, काय ते तू ठरव.”

परदेशात राहणाऱ्यांना घरची वाईट बातमी कुणी अख्खी वाढत नाही. मऊ करून, घास घास भरवतात. ऋजुताची आजी गेली तेव्हा आईनेही तिला काळजीचं काही नाही असंच कळवलं होतं. खरं कळलं तेव्हा तिकडे दिवसही होऊन गेले होते. त्यामुळे ताईंचं बोलणं तिला समजलं नाही असं काही नव्हतं. पण या खेपेला तिने ठरवलं, शब्दाला शब्द धरायचा. काळजीचं काही नाही म्हणतात ना, मग नाही.

लग्नानंतर दोघं केरळला जाणार होते, तर सासऱ्यांची बायपास निघाली. पुढे ईशिता झाली. मागच्या उन्हाळ्यात सुयशची नोकरी गेली, आणि नवी मिळाली ती अशी की लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरून हलेचना. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या दोन खोल्यांत लेकीला पाजता पाजता ऋजुता एका हाताने फोनवर हाच किनारा बघत बसायची. गुलाबी भिंती, निळंशार पाणी, निवांत माणसं. रविवारी घरी पोचलो की सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. रविवार काही फार लांब नव्हता.

सुयश अंग पुसत आला आणि कुणाचा फोन म्हणून त्याने विचारलं. नर्सरीचा, ती म्हणाली. सोमवारी ईशिता येणार आहे ना, म्हणून विचारत होते. तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग “बरं” म्हणाला आणि लेकीच्या पाठीला सनक्रीम चोळायला लागला.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या मेंतों गावाला गेले. बाजारात नारळाएवढाली लिंबं होती. ईशिताने एक चाटलं आणि असं तोंड केलं की दुकानदारीणबाईही हसल्या. ऋजुता हसली, तिने फोटो काढले, आणि कॅफेच्या बाथरूममध्ये जाऊन ताईंना मेसेज केला. तसेच आहेत, उत्तर आलं. सुयशशी बोललीस का? बोलते, असं लिहून ऋजुताने फोन पर्समध्ये टाकला आणि लिपस्टिक नीट केली.

शनिवारी मोनाको. बंदरात चाळीएवढ्या उंच यॉट उभ्या होत्या. कठड्याला टेकून सुयश म्हणाला, की हिंडून कंटाळली असशील तर आजच परत जाऊ या. कुठलंही विमान धरू.

“कशाला? कचऱ्याचे बिन्स बाहेर काढायला?” ऋजुता म्हणाली. “मेडनहेड कुठे पळून चाललंय?”

तो हसला. ती त्याच्याहून जास्त हसली.

परतीच्या ट्रेनमध्ये ईशिता त्याच्या खांद्यावर झोपून गेली. खिडकीला लागून समुद्र पळत होता. त्याने विचारलं, काही म्हणत होतीस का? तिने ईशिताची टोपी सरळ केली. नाही रे, म्हणाली. किती दिवसांनी हा माणूस दुपारचा झोपला होता, ताटातलं सगळं संपवत होता. तिकडे जाऊन तो तरी काय करणार? हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसणार. हे सगळं आपण त्याच्याचसाठी करतोय, हे संध्याकाळपर्यंत तिला पटलंसुद्धा.

रविवारी हीथ्रोला बॅगांची वाट बघताना तिने फोन चालू केला. ताईंचे सात मिस्ड कॉल होते. ती खांबाआड गेली. बाबा दुपारी गेले, ताई म्हणाल्या. उद्या सकाळी नेणार, चुलतभाऊ सगळं करतोय. ताई रडल्या नाहीत की रागावल्या नाहीत. फोन ठेवताना एवढंच म्हणाल्या, “आता घाई नको. सावकाश या.”

ऋजुता परत आली. ईशिता ट्रॉलीवर बसून पाय हलवत होती. सुयश पट्ट्यावरची बॅग उचलत होता. ती त्याने खाली ठेवेपर्यंत ऋजुता थांबली, आणि मग तिने सांगितलं. बाबा गेले. ॲडमिट होते. मला गुरुवारीच कळलं होतं, मी तुला सांगितलं नाही. तू मला काय वाटेल ते बोल.

त्याने बॅगेची मूठ वर ओढली आणि परत आत ढकलली.

“ताईने आधी मलाच फोन केला होता,” तो म्हणाला. “बुधवारी, आपण पोचलो तेव्हाच. मी म्हटलं, ऋजुताला कळव. तिला म्हणू दे. तिनेच निघू म्हटलं की निघतो.”

“मग तू मला विचारलं का नाहीस?”

पट्टा थांबला. लोक ट्रॉल्या ढकलत निघाले. सुयशने लेकीला उचलून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड लपवलं.

“रोज सकाळी वाटायचं, आज तू सांगशील,” तो म्हणाला. “आणि तू काही बोलली नाहीस, की रोज सुटल्यासारखं वाटायचं.”