कुलपातला नावाडी

नावाडी तोंड उघडेना.

टीव्हीवर नदी वाहत होती. काठाला नाव लागली होती आणि पांढऱ्या दाढीचा नावाडी वल्ह्यावर हनुवटी टेकून नुसता बघत होता. सुनेने हातातल्या गेमच्या कंट्रोलरचं बटण पुन्हा दाबलं. नावाड्याच्या डोक्यावर पिवळंधमक कुलूप लखलखलं आणि खाली दोन ओळी उमटल्या.

"काय लिहिलंय त्या मेल्यांनी?" काकूंनी विचारलं. चष्मा डोळ्यांवर होता, पण ती अक्षरं त्यांच्या ओळखीची नव्हती.

"नावाड्याशी बोलायचं असेल तर तो भाग वेगळा विकत घ्या," सून म्हणाली. मग हळूच, "आई, खरंच सांगते, मला माहीत नव्हतं."

त्या नावाड्याला आवाज काकांनी दिला होता. आयुष्यभर काका आवाजच विकत आले. जाहिरातीतला पोपट ते, कार्टूनमधला राक्षस ते, साबणाची वडी बघून खिदळणारी म्हातारीसुद्धा तेच. घरी आले की मात्र मुके. "बाहेर पैसे घेऊन बोलता, घरात फुकट बोलायला जीभ झिजते का?" असं काकू शिलाई मशीनवरून विचारायच्या. काका हसायचे, तेही आवाज न करता. पण या गेमचं काम करून आले त्या दिवशी आपणहून म्हणाले होते, "ह्यात सोंग नाही काढलं. माझ्याच आवाजात बोललोय. बाजारात आला की ऐक."

गेम बाजारात यायच्या आत काका गेले. मागे पोपट उरला, राक्षस उरला. ह्यांचा स्वतःचा आवाज म्हणावा असं घरात काहीच उरलं नाही.

म्हणून तर सुनेने पहिल्याच दिवशी, पूर्ण किंमत मोजून गेम आणला होता. काकूंनी गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारले आणि सकाळपासून तिच्या शेजारी ठाण मांडलं. जंगल झालं, पडका किल्ला झाला, तलवारींची खणाखणी झाली. दर थोड्या वेळाने काकूंचं एकच, "हे कधी येतात गं?" आणि आता हे आले होते, तर तोंडाला कुलूप.

"पुढच्या वर्षी काही नवं करून विकलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता," काकू म्हणाल्या. "पण हा तर आजच आला ना बाजारात?"

"आजच. आणि ऐका ना, नावाड्याचं बोलणं या डिस्कमध्येच आहे. सगळं आपल्या घरात आलेलं आहे. पैसे भरले की फक्त कुलूप निघतं."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे शर्टाची शिलाई पुरती घ्यायची आणि काजं शिवून बंद करून द्यायची? वर म्हणायचं, बटण लावायची हौस असेल तर आणखी टाका? माझ्या दुकानात मी असं केलं असतं तर लोकांनी मशीन रस्त्यावर फेकलं असतं. माझ्यासकट!"

"जाऊ द्या आई, मी भरते. फार नाहीत." सुनेने मोबाइल उचलला.

"खबरदार! माझा नवरा माझ्याच घरात कोंडायचा आणि सोडवायला खंडणी माझ्याकडेच मागायची? फार असोत नाहीतर थोडे, दमडी मिळणार नाही. फोन लाव त्या कंपनीला."

"तिथे कुणी ऐकून घेत नाही हो."

"ऐकून मला घ्यायचंय का काही? मी सुनावणार आहे."

सुनेने गेमच्या डब्यामागचा तक्रारीचा नंबर लावला. याच्यासाठी हे दाबा, त्याच्यासाठी ते दाबा, असं झाल्यावर मोबाइल काकूंच्या कानाशी दिला. काकूंनी बाह्या वर सारल्या. लुच्चे, दरवडेखोर, मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी चाटणारे. शब्द टाचणीला टाचणी लावून ओळीने तयार होते. पलीकडून सुरावट सुरू झाली.

"बघ, पिपाणी लावून ठेवलीय. हिचेही वेगळे पैसे लावतील!"

सुरावट मंद झाली. एक पुरुषाचा आवाज आला. "आपण जरा थांबा. आमची माणसं कामात आहेत. रागावू नका, येतोच आम्ही."

काकूंचा उघडलेला जबडा तसाच राहिला. पोपट नव्हता, राक्षस नव्हता, म्हातारी नव्हती. 'थांबा'च्या आधी काकांचा तो अर्धा गिळलेला श्वास. हेच होते.

"आई? चक्कर येतेय का? पाणी देऊ?" सून घाबरली. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. पिपाणी वाजली. पुन्हा आवाज आला, "आपण जरा थांबा." पुन्हा पिपाणी. काकूंनी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा आवाज "रागावू न—" इथवर आला आणि खटकन तुटला.

"नमस्कार मॅडम," एक मुलगी चिवचिवली. "थांबावं लागलं, माफ करा. बोला, काय तक्रार आहे?"

"तक्रार मोठी आहे, बाई," काकू म्हणाल्या. "तुझ्या मालकाला टाका-टाका उसवून काढायचाय, ते मी करणारच आहे. पण तू मधे का तोंड घातलंस? मला आधी पुन्हा थांबवून ठेव."