गॉवरची खडी

वीस वर्षं गॉवर न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची खडी ट्रक भरभरून नेत राहिला आणि जगात फक्त त्याच खडीत उगवणारं नखाएवढं पांढरं फूल वाचवायला एफी त्याच्याशी भांडत राहिली. “एवढ्याशा तणासाठी केवढा तमाशा, बाई!” तो खिदळायचा. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मुलांनी तीच खडी थडग्यावर पसरली. उद्या थडग्यांवर फुलं वाहायचा रविवार, म्हणून त्याची बायको व्हर्ना तण उपटायला वाकली, तशी शेजारीच आपल्या आईच्या थडग्याशी बसलेली एफी किंचाळली. खडीतून तीच पांढरी फुलं डोकावत होती, चांगली सतरा. एफीने किनाऱ्यावर घातलेल्या कुंपणात यंदा तीनच. “मग माझे प्लास्टिकचे गुलाब कुठे खोचू?” व्हर्ना वैतागली. “माझ्या डोक्यात खोच, पण यांना हात लावू नकोस!” एफीने गॉवरच्या थडग्याशीच फतकल मारली. “जिवंतपणी कमी छळलंस का रे मेल्या, आता तुझं थडगंही मीच राखू?”